धावेवरचा ऊस

आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या पश्चिमेला एक पट्टा आहे. लांबी चाळीस फूट, रुंदी पंचवीस फूट. त्या पट्ट्यातला ऊस शेजारच्या उसापेक्षा दोन-तीन कांड्यांनी बुटकाच राहतो. शेणखत घातलं, पाचट कुजवलं, ट्रॅक्टरला सबसॉयलर लावून खालची जमीन फोडली. फरक पडला, पण जेमतेम. मागच्या वर्षी नातीनं मोबाईलवर आमच्या रानाचं उपग्रहानं टिपलेलं चित्र दाखवलं. सगळं रान हिरवंगार आणि विहिरीला चिकटून दोन पिवळे चौकोन. ती कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, "आबा, इथं काहीतरी बिनसलंय. पूर्वी इथं काय होतं?"

"धाव होती," मी म्हटलं.

धाव म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नाही. १९६४ साली त्या धावेवर, म्हणजे मोट ओढणाऱ्या बैलांच्या उतरत्या वाटेवर, शेवटची मोट चालली, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्याआधी किमान तीन पिढ्या आमची बैलं त्या उतारावरून दिवसात शेकडो वेळा खाली जायची आणि उलट्या पावलांनी वर यायची. खुरांखाली ती जमीन अशी दबली की साठ वर्षं झाली तरी तिनं अंग मोकळं केलेलं नाही. माणसं विसरली, पण रानाला ते लक्षात राहिलं आणि आकाशातून बघणाऱ्या यंत्रालाही ते दिसलं.

मी हातकणंगले तालुक्यातल्या पंचगंगेकडं उतरणाऱ्या एका गावचा. चौतीस वर्षं गावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेचा सचिव होतो. नदीवरच्या मोटरी, पाणीपाळ्या, पाणीपट्टी, वीजबिल आणि भांडणं या सगळ्याच्या नोंदी माझ्या हातानं झाल्या. आमच्या शेतीत यंत्रं एकामागून एक कशी आली आणि प्रत्येक यंत्रानं पाण्याशी असलेलं आमचं नातं कसं बदललं, ते लिहून ठेवावं असं त्या पिवळ्या चौकोनांनी माझ्या मनात आणलं.

आमच्या तालुक्याच्या उत्तरेला वारणा, दक्षिणेला पंचगंगा. कोल्हापूर संस्थानाच्या काळात या मुलखाला आळते पेठा म्हणत. आळते गाव हातकणंगल्याला लागूनच आहे. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली ती हातकणंगल्यावरून. आज रेल्वेच्या खिडकीतून बघणाऱ्याला दोन्ही बाजूंना ऊसच ऊस दिसतो आणि हा मुलूख पहिल्यापासून असाच असेल असं वाटतं. तसं नव्हतं. दोन नद्यांच्या मधोमध आळत्याचा रामलिंगाचा डोंगर, कुंभोजचा बाहुबलीचा डोंगर आणि त्यांच्या पायथ्याची कोरडवाहू रानं. नदी वाहत होती, पण खोल खाली. तिचं पाणी वर चढवायची सोय नव्हती. शाळू, भुईमूग, मिरची, तूर आणि तंबाखू ही रानाची पिकं. बागायत म्हणजे विहिरीभोवतीचे काही गुंठे. मोट जेवढं भिजवील तेवढाच माणसाचा मळा.

आमची विहीर भाऊबंदांच्या सामाईकीतली. आमचा हिस्सा सहा आणे. पैसा दशमानात गेला, आणे संपले, तरी विहिरीतले आणे कागदावर राहिले. सहा आणे म्हणजे सोळा दिवसांतले सहा दिवस पाणी आमचं. माझे आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, पहाटे चांदणी वर यायच्या आत मोट जुंपत. मोटेला वर जाड नाडा, खाली सोंडेला बारीक सोंदूर. बैलं धावेवरून खाली गेली की भरलेली मोट चाकावरून वर येई, सोंदूर सोंड ओढून धरी आणि पाणी थारोळ्यात कोसळे. तिथून पाटात, पाटातून वाफ्यात. तात्या नाड्यावर बसून खाली जात आणि बैलांना मागं सारत वर येत. दारं धरायला माझी आजी. एका वाफ्याचं दार मोडायचं, दुसऱ्याचं बांधायचं. दिवस कलेपर्यंत तिचे पाय चिखलात.

आमच्या मोटेत दहा-बारा घागरी पाणी मावे. दिवसभर चांगली बैलजोडी चालली तर दहा-बारा गुंठे भिजत. त्यापुढं बैलंही थकत आणि विहीरही. दुपारी बैलं सोडली की झरे भरायला वेळ मिळे. बैलाचा दम, माणसाचा घाम आणि विहिरीचा झरा या तिघांच्या मापानं पाणी मिळत होतं. म्हणून एकही मोट वाया गेलेली तात्यांना खपायची नाही. पाट फुटला तर ते पोटच्या पोरालाही बोल लावत. आमचा ऊस पंधरा गुंठे होता, तो का वाढवत नाही असं कुणी विचारलं की ते बैलांकडं बोट दाखवत.

या मोटेची दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. चामड्याची मोट शिवायची ती चर्मकारांनी आणि नाडा वळायचा तो मातंगांनी. त्यांच्या हातच्या वस्तूंशिवाय गावात पाण्याचा थेंब वर येत नव्हता. आणि तरी त्या विहिरीत स्वतःची घागर बुडवायची त्यांना मुभा नव्हती. याच तालुक्यातल्या माणगावला १९२० च्या मार्चमध्ये अस्पृश्यांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते आणि राजर्षी शाहू महाराज तिथं आले होते. माणगाव आमच्यापासून फार लांब नाही. जुन्या शेतीची आठवण काढताना गळा भरून येतो, तेव्हा मी स्वतःला ही गोष्ट मुद्दाम आठवून देतो. त्या शेतीत सुख सगळ्यांच्या वाट्याला सारखं नव्हतं.

यंत्र म्हणावं असं पहिलं काही आमच्या रानात आलं ते विहिरीवर नाही, मातीत. लोखंडी नांगर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तो बेळगावात १९०३ साली बनवला आणि दोन वर्षं त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढं १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि नांगर गावोगाव पोचू लागले. ते पोचवणाऱ्यांत एक तरुण होता आमच्याच तालुक्याच्या मातीतला. कर्मवीर भाऊराव पाटील १८८७ साली कुंभोजला जन्मले. रयत शिक्षण संस्थेसाठी आपण त्यांना ओळखतो, पण त्यांनी किर्लोस्करांचे नांगर खपवण्यासाठी खेडोपाडी पायपीट केली आणि त्या पायपिटीत शेतकऱ्याचं अज्ञान आणि दैन्य जवळून पाहिलं. पहिल्या महायुद्धात लोखंडाचा तुटवडा पडला तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा नांगरासाठी दिल्या, अशी आठवण आमच्या भागात सांगतात. आमच्या घरी लोखंडी नांगर कधी आला ते मला सांगता येणार नाही, पण लाकडी नांगराचा फाळ मी लहानपणी माळ्यावर गंजत पडलेला पाहिला आहे. नव्या नांगरानं हरळी आणि कुंदा मुळासकट उपटला, एवढं कारण तात्यांना पुरलं.

मग आलं इंजिन. आमच्याकडं त्याला इंजानच म्हणत. साताऱ्याच्या कूपरची इंजिनं आधीपासून होती. १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि स्वातंत्र्यानंतरच्या वीस वर्षांत विहिरीविहिरीवर टुकटुक सुरू झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात या इंजिनांचे सुटे भाग ओतले जाऊ लागले, भट्ट्या वाढल्या आणि आज शिरोलीपर्यंत जो फाउंड्री उद्योग पसरला आहे त्याची मुळं या शेतकऱ्याच्या इंजिनात आहेत. गुऱ्हाळावरही तेच झालं. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवून गुळाची पेठ उभी केली, तेव्हा चरक बैलं ओढत. इंजिनानं तो चरक फिरू लागला आणि एका आदणासाठी, म्हणजे काहिलीभर रसासाठी, दिवस घालवणारं गुऱ्हाळ दिवसात अनेक आदणं काढू लागलं. चुलवाणात चिपाडं सारणारा जाळव्या आणि काहिलीतल्या पाकाचा कस बोटावर ओळखणारा गुळव्या मात्र तेच राहिले. पाक कधी उतरवायचा हे सांगणारं इंजिन निघालं नव्हतं.

आमच्या विहिरीवर १९६४ साली पाच अश्वशक्तीचं जुनं इंजिन बसलं. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला ते सुरू झालं आणि पाईपातून जाडजूड पाणी बाहेर पडलं. मोट दिवसभरात जेवढं पाणी काढायची तेवढं इंजिनानं तास-दीड तासात काढलं. आजी थारोळ्याच्या कडेला उभी राहून बघत होती. दारं धरताना तिची धांदल उडाली, कारण पाणी तिच्या सवयीपेक्षा जोरात येत होतं. तात्या काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं आणि आण्णांना म्हणाले, "तळ दिसाय लागला की रं. उद्या काय काढणार हाईस?" बैलाला विश्रांती लागते म्हणून विहिरीलाही विश्रांती मिळत होती, हे त्या एका वाक्यात होतं. मला ते कळायला पुढची चाळीस वर्षं जावी लागली.

नदी वर चढली तीही याच सुमाराला. त्याची तयारी फार आधी झाली होती. शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं. ते त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही, स्वातंत्र्यानंतर झालं. त्या पाण्यामुळं पंचगंगा उन्हाळ्यातही वाहू लागली. नदीत जागोजागी बंधारे पडले. दगडी खांब, खांबांना खाचा, पावसाळा सरला की खाचांत बरगे घालायचे आणि पावसाळ्याआधी काढायचे. या बंधाऱ्याला सगळा महाराष्ट्र कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतो. आमच्या तालुक्यातला रुईचा बंधारा त्यातलाच. अडलेलं पाणी उचलायला गावोगावी सहकारी संस्था निघाल्या. नदीकाठी जॅकवेल, मोटरी, तिथून मैल-दोन मैल पाईप आणि उंचावर चेंबर. ते पाणी घेणारं पीकही समोर उभं होतं. देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभारांनी इचलकरंजीजवळ गंगानगरला पंचगंगा साखर कारखाना उभा केला आणि तात्यासाहेब कोऱ्यांचा वारणा कारखाना १९५९ पासून गाळप करू लागला. वीज, पाणी, कर्ज, कारखाना आणि को-७४० सारखा भरघोस उतारा देणारा ऊस हे सगळं एका पिढीत एकत्र आलं. आमच्या पंधरा गुंठ्यांचा चार एकर ऊस झाला. कौलारू घराला स्लॅब पडला. मी शिकलो तो त्याच उसावर, आणि संस्थेत नोकरीला लागलो तोही त्याच पाण्यावर.

बैलं मात्र कमी होत गेली. आधी मोटेची जोडी गेली, मग ट्रॅक्टर आल्यावर नांगराची. कर्नाटकी बेंदराला पूर्वी आमच्या गल्लीत वीस-बावीस जोड्या रंगवून निघत. आज दोन निघतात. खळं, खळ्यातला तिवडा आणि त्याभोवती फिरणारी बैलांची पात माझ्या मुलानंही पाहिली नाही, कारण तोवर मळणीयंत्र आलं होतं.

मी १९७७ साली सचिव झालो. माझ्या टेबलावरचं रजिस्टर आडवं, लाल पुठ्ठ्याचं. रकाने असे: सभासदाचं नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, पाळीची तारीख, पाणीपट्टीची आकारणी, वसूल, बाकी. पट्टी एकरी ठरलेली. एकर भिजवायला कुणी सहा तास पाणी घेतलं काय किंवा बारा तास, रक्कम तीच. विजेचं बिलही शेतीपंपाला कित्येक ठिकाणी अश्वशक्तीवर. २०२४ पासून तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिलच नाही. शेतकऱ्याची अडचण मी जन्मभर पाहिली आहे, त्यामुळं या सवलतींना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण निवृत्त झाल्यावर एकदा मी ती जुनी रजिस्टरं चाळत बसलो आणि माझ्या ध्यानात आलं की चौतीस वर्षांच्या नोंदींत पाण्याचाच रकाना नाही. पाणी किती दिलं, हे मी एकाही दिवशी लिहिलेलं नाही. लिहायला सांगितलं नव्हतं, आणि लिहावं असं मलाही सुचलं नाही. ज्या घरात तात्या एका मोटेचा हिशेब ठेवत, त्याच घरातला मी.

रात्रपाळीची वीज आली की रानात जायचं, बॅटरीच्या उजेडात मोटर चालू करायची आणि पाणी लावून घरी येऊन झोपायचं. साप-विंचवाच्या भीतीनं वाफ्यावर थांबणार कोण? सकाळपर्यंत पाणी सरीतून सरीत, तिथून बांधाखाली. या रात्रींची किंमत जमिनीनं भरली. काळ्या मातीत मुरलेलं पाणी खाली साठत गेलं. उसामागून ऊस, रासायनिक खताचा मारा, आणि वाढत्या ऊसक्षेत्रापायी चर आणि ओघळ नांगरून बुजवलेले. खालच्या पाण्याची पातळी वर आली आणि बरोबर क्षार घेऊन आली. पाणी उन्हानं उडून गेलं, क्षार वर राहिले. आमचं नदीकडचं तीस गुंठे रान १९९० च्या आसपास उन्हाळ्यात पांढरं दिसू लागलं. आधी गहू गेला, मग उसाचे डोळे उगवेनात आणि शेवटी तिथं लव्हाळा माजला. पंचगंगा, वारणा आणि कृष्णेच्या काठानं असं क्षारपड झालेलं रान हजारो एकर आहे. सोन्यासारखी जमीन पाणी जास्त झाल्यानं मेली, हे आमच्या पिढीनं केलेलं नुकसान आहे, आणि मी त्यात होतो.

त्यावर उपाय निघाला तोही यंत्राचाच. जमिनीखाली चार-पाच फुटांवर सच्छिद्र पाईप पुरायचे, त्यांतून क्षाराचं पाणी चरात काढायचं, वर धैंचा किंवा ताग गाडायचा. शेजारच्या शिरोळ तालुक्यात आणि सांगली जिल्ह्यात अशी कामं मोठ्या प्रमाणावर झाली आणि मेलेल्या रानांत पुन्हा ऊस उभा राहिला. आमचे तीस गुंठे आम्ही दोन शेजाऱ्यांच्या बरोबरीनं याच पद्धतीनं सुधारले. पण पाईप कुठं टाकायचे हे ठरवताना अडचण आली ती जुना ओघळ कुठून जात होता हे सांगायला माणूस न उरल्याची. शेवटी पलीकडच्या मळ्यातल्या नव्वदीच्या आजीबाईंनी काठीनं वाट दाखवली. "हितनं पाणी जायचं, आमी बाया धुणं धुवायचो," त्या म्हणाल्या. चर तिथूनच काढला.

आता अलीकडची यंत्रं. शेतकऱ्याच्या दारात संगणक आला तोही याच भागात लवकर आला. १९९८ साली केंद्र सरकारच्या पुढाकारानं वारणा परिसरातल्या सत्तर गावांसाठी प्रकल्प सुरू झाला. वारणानगर आमच्या तालुक्याच्या सीमेला लागून. गावोगावी संगणकाचं केंद्र, तिथं उसाची नोंद, तोडणीची चिठ्ठी, वजन आणि बिल बघायला मिळेल ही कल्पना. उद्देश मोठा होता, पण वीज जायची, यंत्रं बंद पडायची, आणि शेतकऱ्याला हवी असलेली माहिती थोडकीच होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणि संदेश वापरून पाहिला, आणि तेच काम स्वस्तात झालं. मला यातला धडा महत्त्वाचा वाटतो. गावात टिकतं ते यंत्र, जे शेतकऱ्याच्या खिशात मावतं आणि त्याच्याच प्रश्नाचं उत्तर देतं. आज आमच्या गावात मोटर मोबाईलवरून चालू-बंद होते. रात्रीचं रानात जाणं कितीतरी कमी झालं. सापाच्या भीतीतून सुटलेल्या माणसाला विचारा, तो या यंत्राची किंमत सांगेल.

ठिबक आलं तसं निम्म्याच्या आसपास पाणी वाचू लागलं. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साथीनं उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. सुमारे हजार शेतकऱ्यांच्या शेतांतून सुरुवात झाली. जमिनीतली ओल मोजणारी यंत्रं, हवामानाचं छोटं केंद्र आणि उपग्रहाची चित्रं यांचा मेळ घालून कुठल्या दिवशी किती पाणी, किती खत हे मोबाईलवर सांगायचं. जून २०२५ मध्ये राज्य सरकारनं शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी धोरण मंजूर केलं आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. फवारणीचे ड्रोन तर आता नवलाचे राहिले नाहीत. बारा-तेरा फूट वाढलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणं म्हणजे अंग कापून घेणं. ड्रोन ते काम एकरी काही मिनिटांत करतो. २०२३ च्या नमो ड्रोन दीदी योजनेत देशातल्या पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे ठरले. ज्या बाईनं आयुष्यभर चिखलात दारं धरली, तिची नात आता बांधावर उभी राहून आकाशातलं यंत्र फिरवील, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हे आपल्याकडंच घडतंय असंही नाही. चीनमध्ये भाताच्या खाचरात पाणी चढवायला लाकडी फळ्यांची साखळी असलेलं, पायानं फिरवायचं यंत्र शेकडो वर्षं होतं. त्याला ते ड्रॅगनच्या कण्याची उपमा देत. आपली मोट गेली त्याच काळात, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तेही पंपापुढं मागं पडलं. आज तिकडं शेनझेनसारख्या शहरात बनलेले ड्रोन भातावर फवारणी करतात. तिथलीही शेतं छोटी, तिथलीही तरुण पोरं शहरात गेलेली आणि गावात म्हातारे. भारतानं २०२२ मध्ये परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आणायला बंदी घातली, म्हणून इकडं आता देशी कारखाने ड्रोन जोडतात. पण प्रश्न दोन्हीकडं एकच आहे: यंत्र हातात आलं की शहाणपण कुणाकडं राहतं?

आमच्या रानात नातीनं दीड वर्षापूर्वी ओल मोजणारा सेन्सर बसवला. पहिल्याच महिन्यात पाळीच्या दिवशी मोबाईलवर आलं, पाणी देऊ नका. मुलगा अस्वस्थ झाला. पाळी सोडायची म्हणजे काय? पुढची पाळी अठरा दिवसांनी. मी रानात गेलो, सरीतली एक वीत माती उकरली आणि मुठीत दाबली. तात्या दाबायचे तशी. मुठीत लाडू झाला आणि बोटानं टिचकी मारली तरी फुटला नाही. ओल भरपूर होती. यंत्र खरं बोलत होतं. आम्ही ती पाळी सोडली आणि उसाचं काही बिघडलं नाही.

त्या दिवशी मला या सगळ्या इतिहासाचा अर्थ लागला असं वाटतं. मोटेच्या काळात पाण्याला माप होतं, कारण ते अंगमेहनतीचं होतं. इंजिन आणि मोटर आली, मेहनत गेली, ते फार चांगलं झालं, पण मेहनतीबरोबर मापही गेलं. आम्ही माणसांनी ते दुसऱ्या कुठल्या वाटेनं परत आणायला पाहिजे होतं. आणलं नाही. आता सेन्सर ते माप परत आणतोय. जुन्या शेतीकडं परत जा असं मी कुणाला सांगणार नाही. ज्यानं आजीचे चिखलानं कुजलेले पाय पाहिले आहेत, ज्याला मोटेमागची शिवाशीव माहीत आहे, तो तसं सांगूच शकत नाही. पण माप गेलं की सोन्याची जमीनही जाते, हे मात्र मी तीस गुंठ्यांची किंमत देऊन शिकलो आहे.

म्हणून दोन विनंत्या करतो. पहिली, गावोगावच्या पाणीपुरवठा संस्था चालवणाऱ्यांना. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात मोटरी वाचवायला तुम्ही रात्री-अपरात्री पाण्यात उतरलात. तेवढ्याच तळमळीनं रजिस्टरात एक रकाना वाढवा. चेंबरवर मीटर बसवा आणि कुणाला किती पाणी दिलं ते लिहा. सेन्सर आणि उपग्रहाची माहितीही सभासदाच्या हातात राहू द्या. ती फक्त कंपनीच्या संगणकात साठली तर विहिरीतल्या आण्यांसारखा आपला हिस्सा आपल्याला दाखवता येणार नाही.

दुसरी विनंती नव्या पोरापोरींना. ड्रोन उडवण्याआधी, सेन्सर पुरण्याआधी, घरातल्या म्हाताऱ्यांना एकदा रानातून फिरवून आणा. धाव कुठं होती, खळं कुठं होतं, ओघळ कुठून जात होता, कुठल्या कोपऱ्यात उन्हाळ्यातही ओल असायची, ते विचारा आणि नकाशावर लिहून घ्या. उपग्रहाला पिवळा चौकोन दिसतो, तो पिवळा का आहे हे घरातला माणूस सांगतो. आणि तो माणूस आता सत्तरीच्या पुढं आहे. वेळ फार नाही.

आमच्या नातीनं तिच्या नकाशावर त्या दोन चौकोनांपुढं 'धाव' असं लिहिलं आहे. यंदा तिथं ऊस लावलेला नाही. ताग पेरला आहे, फुलोऱ्यावर आला की गाडणार आहोत.